सीडी४ साडेसहाशे असताना गोळी कशाला?

'सदाशिवपेठकर' काका, नमस्कार.

तुमच्या दोन तक्रारी आहेत. पुतण्याला एचआयव्ही आहे, पण सीडी४ ६५०, माणूस धडधाकट, मग जन्मभराची गोळी आत्तापासून का? आणि 'उपचाराने संसर्ग थांबतो' असं लिहून आम्ही तरुणांना मोकाट सोडतोय.

सीडी४ हा रक्तात उरलेल्या, आजारांशी लढणाऱ्या पेशींचा आकडा. विषाणू किती आहे, ते त्यातून कळत नाही. विषाणू रोज पेशी मारतो, शरीर रोज नव्या घडवतं, म्हणून कित्येक वर्षं सगळं ठीक दिसतं. सीडी४ २००च्या खाली गेला की एड्स म्हणतात. टीबी मात्र तेवढी वाट बघत नाही. २०१५च्या 'स्टार्ट' चाचणीत सीडी४ ५००च्या वर असतानाच गोळ्या सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी झाले. २०१७पासून आपल्याकडेही सीडी४ न पाहता उपचार सुरू होतात.

संसर्गाचं म्हणाल, तर तो पुरावा पुण्यातूनही आलाय. 'एचपीटीएन ०५२' या अभ्यासात एकालाच एचआयव्ही असलेली १,७६३ जोडपी होती आणि आपलं पुणे त्यातलं एक केंद्र. लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११मध्ये दिसलं. मात्र अटी आम्ही लिहायला हव्या होत्या, इथे तुमचं बरोबर. 'गोळी चालू आहे' एवढ्यावर भागत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासून विषाणू सापडत नाही असं दिसायला हवं, आणि तसं सहा महिने टिकायला हवं. शिवाय हे लैंगिक संबंधापुरतं. सिफिलिस, गनोरिया गोळीने थांबत नाहीत, तिथे निरोधच.

'सापडत नाही' म्हणजे 'गेला' नव्हे, हेही पुतण्याला सांगा. निद्रिस्त पेशींत तो दडलेला असतो, गोळी सोडली की बहुधा काही आठवड्यांत रक्तात परततो. म्हणून जन्मभर.

आता घरात सर्रास होणारी चूक. गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या औषधातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमला पोटातच चिकटतं आणि पुरेसं रक्तात उतरत नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. कॅल्शियम-लोह भरल्या पोटी सोबत चालतं. ॲसिडिटीच्या औषधाला ही सवलत नाही. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं, तर रोजच्या गोळीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. ती एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातूनच ठरवून घ्यायची.

पुतण्याला सीडी४ विचारू नका, व्हायरल लोड कधी झाला ते विचारा. सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. तो रक्ताच्या मिलिलिटरमागे १,००० किंवा जास्त आला, तर आधी गोळ्या कुठे चुकल्या ते शोधतात. लगेच औषध बदलत नाहीत.