सेवेचा भार घरात नेमका कोणावर? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याची तब्येतही ढासळते, असं मी लिहिलं होतं. त्यावर "आईबापाची सेवा करून कोणी आजारी पडत नसतं. आपल्याकडं सगळं घर मिळून करतं. परदेशी संशोधन मराठवाड्याला लावू नका," असं तुम्ही लिहिलंत. तळमळीनं लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिलं वाक्य अर्धं मलाही मान्य आहे. आजारी नवरा किंवा बायको सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा एक अमेरिकन अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना या सेवेचा ताण होत होता, त्यांचा मृत्यूचा धोका चार वर्षांत, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त निघाला. ताण नसलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. तिथल्याच नर्सांच्या 2003 मधल्या अभ्यासात, आजारी नवऱ्यासाठी आठवड्याला 9 तास किंवा जास्त देणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला. आईवडिलांचं करणाऱ्यांत तसा ठळक फरक नव्हता. नात्यानुसार परिणाम बदलतो, एवढंच माझं म्हणणं.

आता "सगळं घर". दसरा झाला की बीडकडची कितीतरी मुलं-सुना कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात. लकवा झालेला म्हातारा गावात राहतो आणि त्याच्यापाशी त्याची म्हातारी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. तिची झोप मोडते, कंबर जाते, बीपीची गोळी संपून महिना होतो. तालुक्याला जायचं तर म्हाताऱ्याजवळ बसवायचं कोणाला? संशोधन बाजूला ठेवलं तरी हा प्रश्न राहतोच.

मुलगा उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे) आणि व्याजाच्या काळजीत असतो, सासरी असलेली लेक फोनवर जीव टांगून. त्यांचाही त्रास खराच. पण सून घरी असली तर अंगमेहनत बहुतेक तिच्याच वाट्याला येते, आणि तिला कोणी विचारत नाही. 2019 च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. आजाऱ्याचं करणं त्याच्यावर आणखी.

सेवा सोडा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. तुमच्या घरी रात्री कोण उठतं, तेवढं बघा. आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर मोफत तपासतात. त्या माउलीला या आठवड्यात तिथं घेऊन जा, आणि ती येईपर्यंत आजाऱ्याजवळ तुम्ही किंवा तुमचा भाऊ बसा.