नाचऱ्या बेडकाला नुसतं पाणी पुरत नाही

सह्याद्रीतल्या नाचऱ्या बेडकाचा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. ओल्या दगडावरचा इवलासा बेडूक मागचा पाय ताणून बोटांमधला पांढुरका पडदा पसरतो. खाली मजकूर : ‘२०१४ मध्ये सापडलेली नवी जात. मादीला रिझवायला नर नाचतो. जंगलातल्या ओहोळांवर बंधारे घाला, पाणी टिकेल, बेडूक वाचेल.’

ही एक जात नाही. मायक्रिझॅलस हा फक्त पश्चिम घाटात सापडणाऱ्या बेडकांचा अख्खा गट आहे. कर्नाटकातल्या कोट्टिगेहारच्या जातीचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्येच केलं होतं. २०१४ मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी आणखी १४ जातींची भर घातली आणि संख्या २४ झाली.

नाचाचं म्हणाल, तर तो मुख्यतः दुसऱ्या नराला दिलेला दम असतो : हा दगड माझा. ऐकलं नाही तर तोच पाय लाथ म्हणून बसतो. नर ओरडतोही, पण खळाळत्या पाण्याशेजारी डोळ्यांना दिसणारी खूण कामी येते. (सिनेमातल्या गाण्याची चाल लावली की व्हिडिओ रोमँटिक वाटणारच.)

खरी गडबड बंधाऱ्यात आहे. वीण होते पावसाळा ओसरताना, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते डिसेंबर. कोट्टिगेहारच्या जातीत मादी उथळ वाहत्या पाण्यात मागच्या पायांनी तळ उकरते, अंडी घालते आणि वर रेती-खडी लोटते. याच गटातल्या एका जातीचे भैकेर, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, त्या वाळूतच वाढतात. डोळ्यांवर कातडी आणि अंगात चक्क बरगड्या, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. बहुतेक बेडकांना बरगड्या नसतातच.

आता वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, कधी घालतात? पाऊस संपता संपता, प्रवाह बारीक झाला की. म्हणजे ऐन विणीत. वरच्या बाजूला उथळ ओहोळाचा डोह होतो, संथ पाण्यातला बारीक गाळ खडीच्या फटींत बसतो. खाली धार तुटली तर पुरलेली अंडी कोरडी पडतात.

गावाच्या विहिरींना या बंधाऱ्यांनी पाणी येतं, त्याबद्दल वाद नाही. ते खाली, ओढा शेतात उतरतो तिथे घालावेत. वरच्या ओहोळाची सावली धरणारी काठावरची झाडं तेवढी तोडू नयेत.