ब्राउझर पुन्हा बंद पडला!

मुलीच्या अकरावीचा अर्ज. दोन पानं भरून झाली, दाखला अपलोड होत होता, निळी पट्टी अर्ध्यावर आली आणि ब्राउझर गायब! समोर नुसता डेस्कटॉप. आज तिसऱ्यांदा!

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, 'कॅशे क्लिअर करा.' म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या तात्पुरत्या फायली पुसा. अहो, किती वेळा करू? कॅशे पुसली, कुकीज पुसल्या, अख्खा ब्राउझर काढून पुन्हा टाकला. हाती काय आलं? सगळे पासवर्ड परत टाइप करायचे!

शेवटी मीच टास्क मॅनेजर उघडून बसले, कोण किती मेमरी खातंय ते बघायला. ४ जीबी रॅम, त्यातली ९२ टक्के भरलेली! टॅब उघडावा तशी प्रोसेस, म्हणजे मागे चालणारं काम, वाढते; एक्स्टेंशनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, आणखी वेगळी. कूपन शोधणारं एक तर कोणी, कधी टाकलं देव जाणे. ती सगळी काढली, हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ब्राउझरचं काही काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सेटिंग) बंद केलं, तेव्हा कुठे ब्राउझर तासभर टिकला. मग हे आधी कोणी का सांगत नाही?

आणि बंद पडताना कारण लिहायला या ब्राउझरवाल्यांचं काय जातं? 'काहीतरी चुकलं.' काय चुकलं ते सांगा ना! उद्या पाचला अर्जाची मुदत संपतेय.