देवराईतलं एकही पान न तोडता

बसभर मुलं देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, उतरवायची, तासाभरात पन्नास झाडांची नावं सांगायची आणि पानं वहीत चिकटवून घ्यायची, हा प्रकार बंद व्हायला हवा. तळकोकणातल्या कित्येक रायांमध्ये पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक आहे. तिथेच पान तोडायला लावलं, तर मुलं ना जंगल शिकतात ना गावाची रीत. पडलेल्या पानावर कागद ठेवून खडू घासा, शिरांचा ठसा उमटतो. पान तिथेच राहतं.

जाण्याआधी गुरवांना किंवा गावकरांना (गावच्या मानकऱ्यांना) विचारायचं: चपला कुठे काढायच्या, कोणत्या भागात जायचं नाही. पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत. एकाच राईत वर्षातून तीनदा जा: मृगाचा पाऊस लागल्यावर, गणपती झाल्यावर आणि चैत्रात. पाच ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

सगळ्यात जास्त शिकवतो तो पाऊस. सरळ कडांचे, सपाट तळाचे सहा सारखे डबे घ्या. तीन उघड्यावर, तीन झाडांखाली. दुसऱ्या दिवशी पट्टीने पाणी मोजा. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. कापलेली बाटली नको, तिच्या खाचदार तळामुळे माप चुकतं. झाडाखाली बहुधा कमी भरतं, कारण पानं पाणी अडवतात आणि काही तिथूनच वाफ होऊन जातं. पण एखादा डबा बाहेरच्यापेक्षाही जास्त भरतो. तो आकडा चूक म्हणून खोडू नका! मुलांना वर बघायला सांगा, टोकदार पानांवरून किंवा फांदीवरून धार तिथेच पडत असते. म्हणूनच एका डब्यावर भागत नाही.

मातीत पाणी किती लवकर मुरतं, ते दोन्ही तोंडं कापलेल्या पत्र्याच्या डब्याने कळतं. कडा पकडीने दुमडा, डबा ५ सेंटिमीटर रुतवा, अर्धा लिटर पाणी ओता, घड्याळ लावा. एकदा पायवाटेवर, एकदा पालापाचोळ्याखालच्या मातीत. खाली दगड किंवा मूळ असेल तर पाणी बाजूने निसटतं आणि वेळ खोटी येते. माती उकरायची परवानगी मात्र वेगळी मागा.

सातेरी देवी तिकडच्या अनेक गावांत वारुळाच्या रूपात पुजली जाते. पडलेलं खोड कुठे जातं, हा प्रश्न त्या वारुळापाशीच विचारा. वाळवीचं काम आणि देवीची कथा गावातल्या आजीकडून एकाच जागी ऐकायला मिळते; त्यापुढे कुठलाही तक्ता फिका.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातली हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाच्या झाडांची दलदल काठावरूनच दाखवा. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून मुळं गुडघ्यासारखी वर येतात. पाय पडला की ती दुखावतात. जळू चिकटली तर मीठ टाकू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडूक उचलू देऊ नका, त्याची त्वचा ते शोषून घेते.

चैत्रातल्या फेरीला राईतला ओहोळ वाहत असेल का, याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहायचा. मगच आत जायचं.