पाकिटावरचे रंगीत गोल: ग्रुपवर फिरणारी यादी चुकीची आहे

‘हिरवा गोल शाकाहारी, लाल मांसाहारी, निळा म्हणजे औषध, पिवळा म्हणजे अंडे, काळा म्हणजे भरपूर केमिकल. आईवडिलांनी जरूर वाचा,’ ही यादी घरोघरच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. तिच्यातली फक्त हिरव्याची ओळ बरोबर आहे.

हिरवा गोल. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी, हे खरे. पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मध याच खुणेखाली येतात, म्हणून व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्या माणसाने हिरव्या गोलावर विसंबू नये. त्यासाठी व्हीगनची वेगळी खूण आहे. कांदा-लसूण आहे की नाही, हेही या गोलावरून कळत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते.

‘लाल म्हणजे मांसाहारी.’ खाद्यपदार्थांवर ही खूण लाल नाही, तपकिरी आहे. आणि आता ती गोलही नाही. २०२० च्या लेबलिंग नियमावलीने तपकिरी गोलाच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. रंगांधळ्या माणसाला हिरवा आणि तपकिरी गोल सारखेच दिसतात. त्रिकोण मात्र रंग न कळताही ओळखू येतो. जुन्या पाकिटांवर तपकिरी गोल दिसला तर अर्थ तोच.

‘पिवळा म्हणजे अंडे.’ अंड्यासाठी वेगळा रंगच नाही. अंडे घातलेला केक नियमाने मांसाहारी ठरतो आणि त्यावर तपकिरी खूण येते. मांस-मासे काही नसून फक्त अंडे असेल, तर उत्पादक तसे शब्दांत लिहू शकतो. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरात पिवळा गोल शोधत बसणे धोक्याचे आहे. अ‍ॅलर्जीची सूचना घटकांच्या यादीजवळ लिहिलेली असते, ती वाचा.

‘निळा म्हणजे औषध, काळा म्हणजे केमिकल.’ पाकिटाच्या घडीजवळ किंवा तळाशी निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ओळीने दिसतात, ते छपाईचे आहेत. चार मूळ शाया, शिवाय एखादी खास छटा वापरली असेल तर तिचा आणखी एक ठिपका. शाई पुरेशी गडद बसते का आणि सगळे रंग एकावर एक नेमके पडतात का, हे छापणारा त्यावरून तपासतो. काळा ठिपका चिप्सच्या पाकिटावर असतो तसाच दुधाच्या पिशवीवरही असू शकतो. टूथपेस्टच्या ट्यूबवरचा रंगीत चौकोनी पट्टाही आतल्या मालाबद्दल काही सांगत नाही, तो यंत्राच्या सेन्सरसाठी असतो: तो दिसला की ट्यूब नेमकी वळवून तिचे टोक दाबले जाते. पट्टा फिका छापला गेला तर सेन्सर चुकतो आणि चित्र वाकडे बसते. म्हणून तिथे पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा कोणताही रंग चालतो.

या यादीचे खरे नुकसान शेतात होऊ शकते. कीटकनाशकाच्या डब्यावर गोल नसून टोकावर उभा केलेला चौकोन असतो, लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा भाग व्यापणारा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल: उंदरांवरच्या चाचणीत वजनाच्या दर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेले की निम्मे उंदीर मरतात. पिवळ्यासाठी ही मात्रा ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५०००, हिरव्यासाठी त्याहून जास्त. म्हणजे इथे पिवळा दुसऱ्या क्रमांकाचे विष आहे, आणि हिरवासुद्धा विषच आहे. ‘हिरवा म्हणजे शाकाहारी, म्हणजे निर्धोक’ हे डोक्यात बसलेला माणूस हातमोजे न घालता फवारणीचे द्रावण ढवळेल, हीच आमची काळजी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

कीटकनाशक दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका. लेबल गेले की रंगही गेला आणि उताराही. चक्कर, मळमळ, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर फवारणी लगेच थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना लेबल व आतले माहितीपत्रक सोबत न्या. कोणते औषध पोटात किंवा अंगावर गेले आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना त्यावरूनच लवकर कळते.