मामा, तू काही करू नकोस

पुण्यात दुचाकीवर मागे बसणाऱ्याला पुढे बसणाऱ्यापेक्षा जास्त कामं असतात. आज पी-वन की पी-टू, ती पार्किंगची पाटी मागे पडायच्या आत वाचायची. वळताना हात काढायचा, कारण इंडिकेटरवर इथे कुणाचा विश्वास नाही. कट मारून गेलेल्या रिक्षावाल्याला सुनवायचं, कारण पुढच्याचं लक्ष रस्त्यावर हवं. आणि वर्षातून एकदा शाडूचा गणपती मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडावरचा रुमाल उडू न देता घर गाठायचं. चेतकच्या जमान्यापासून मी हे सगळं इमानेइतबारे करत आलोय. चालवणाऱ्याला सल्ला देणं ह्यात धरलेलंच नाही, ते श्वासोच्छ्वासाच्या खात्यात जातं.

त्यामुळे आमचा भाचा चिन्मय जेवताना सांगायला लागला, की मोटोजीपी ह्या मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींच्या ट्रॅकवर दोन सीटची खास डुकाटी काढायचे, आणि रँडी मामोला नावाचा जुना अमेरिकन रेसर वर्षानुवर्षं पाहुण्यांना मागे बसवून फिरवायचा, तेव्हा मी भाताचं आळं करता करता म्हणालो, "त्यात काय? मागे तर बसायचं." हा मामोला म्हणे पाचशे सीसीच्या विश्वविजेतेपदात चारदा दुसरा आला, पहिला कधीच नाही. माणूस आपल्यातला वाटला.

चिन्मयनं वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाला, "मग रविवारी चल."

त्याच्याकडे केटीएमची आरसी ३९० आहे. नाव ऑस्ट्रियन, जन्म चाकणचा. म्हणजे गाडी बनते आपल्या दाराशी, पण ती खऱ्या ट्रॅकवर पळवायला चिन्मय आणि त्याचे मित्र कोइम्बतूर नाहीतर चेन्नई गाठतात. दर वेळी तेवढी रजा कोण देणार? म्हणून ही आयटीतली पोरं महिन्यातल्या एखाद्या रविवारी शहराबाहेरचा एक गो-कार्टचा ट्रॅक सकाळपुरता भाड्यानं घेतात.

तिथे आधी फॉर्म. जिवाचं काही बरंवाईट झालं तर आम्ही जबाबदार नाही, अशा अर्थाचं दीड पान. पोरं उभ्या उभ्या सही करून मोकळी होत होती. मी खुर्ची मागून घेतली, चष्मा पुसला आणि वाचायला बसलो. एका कलमात स्पेलिंग चुकलं होतं, ते सुधारून बाजूला सही केली. शेवटच्या कलमात लिहिलं होतं, की खाली सही करणारा पूर्ण शुद्धीवर असून स्वखुशीनं सही करत आहे. हे मी चिन्मयला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मामा, सही कर."

मग सूट. रेसिंगचा सूट अखंड चामड्याचा असतो, पाठीला कुबड, गुडघ्यांना प्लॅस्टिकचे स्लायडर. चिन्मयच्या मित्राचा आणला होता. मित्र संध्याकाळी सातनंतर जेवत नाही. लहान अभ्र्यात उशी कोंबतात तसं दोघांनी मला त्यात कोंबलं. चेन पोटाशी येऊन थांबली.

"पोट आत घे."

"आतच आहे."

चेन लागली, पण मला उभं राहता येईना. हे सूट शिवतानाच वाकलेल्या माणसाच्या मापानं शिवतात, कारण गाडीवर तो तसाच असतो. जमिनीवर मात्र तुम्ही कमरेत वाकूनच चालता. मी पार्किंगपासून ट्रॅकपर्यंत जाईतो दोन पोरांनी अदबीनं विचारलं, "काका, काही पडलंय का?"

हेल्मेट घालताना चष्मा काढायचा, डोकं घुसवायचं, आणि मग चष्म्याच्या काड्या कानावरून आत सरकवायच्या. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढलेल्या शहरात मी आयुष्य घालवलंय, मला ह्या विषयात तालीम नाही. आतल्या गाद्यांनी गाल असे दाबले, की 'प' आणि 'फ' मधला फरक संपला.

"फकडायचं कुठे?" मी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आरसीची मागची सीट सीट वाटतच नाही, गाडीच्या शेपटीचा तुकडा वाटते, आणि तो भास मुद्दाम केलेला आहे. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मागच्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं. ह्यातली मूठ आणि साडीची जाळी चिन्मयनं ट्रॅकसाठी काढून ठेवली होती. वजन वाचतं म्हणे. आणि मग मागे मला बसवलं.

"टाकी धर," तो म्हणाला. त्याच्या दोन्ही बाजूंनी हात घालून टाकीवर तळवे रेटायचे. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे धावतं, आणि मागच्यानं टाकीवर जोर देऊन स्वतःला थोपवलं नाही तर तो चालवणाऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. त्या दोन सीटच्या डुकाटीला तर पाहुण्यासाठी टाकीवरच मुठी बसवलेल्या असायच्या. वळणावर चिन्मय कलेल तेवढं आणि तिकडेच कलायचं. भिऊन सरळ बसायला गेलं की गाडी वळणातून बाहेर जायला बघते.

"बाकी तू काही करू नकोस."

"काहीच?"

"मामा, काहीच."

पहिली फेरी टायर गरम व्हायला म्हणून सावकाश. कर्वे रोडला ह्याहून जास्त भीती वाटते, असं मी मनात नोंदवलं. दुसऱ्या फेरीला सरळ रस्ता आला आणि गाडी पुढे गेली. मी जरा नंतर गेलो. मग ब्रेक. टक्. माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर. पुन्हा सुटलो, पुन्हा टक्. डावीकडच्या मोठ्या वळणाला गाडी आडवी झाली आणि डांबर थेट माझ्या गुडघ्याशी आलं. पुण्यात एवढं अखंड डांबर मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्यात पाण्याच्या बाटलीचं एक निळं झाकण रुतलेलं होतं. प्रत्येक फेरीला आमची गाठ पडत गेली आणि त्या वेगात ओळखीचं तेवढं एकच होतं.

शारीरिक हाल सोसता येतात. पण सल्ला आतल्या आत जिरवणं म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो. 'सावकाश', 'हॉर्न दे', 'त्याला जाऊ दे पुढे' ही सगळी वाक्यं घशाशी येत होती आणि हेल्मेटमध्ये विरत होती. बरं, ह्यांची चालवण्याची पद्धत काय, तर वळणात बाहेरून शिरायचं, आतला कोपरा चाटायचा आणि पुन्हा पार बाहेर निघायचं. स्वारगेटच्या चौकात रिक्षावाला रोज हेच करतो. इथे त्याला रेसिंग लाइन म्हणतात आणि शिकायची फी पडते.

आणि मग उजवीकडचं वळण आलं, आणि माझा उजवा हात टाकीवरून सुटून बाहेर गेला. मी काढला नाही, तो गेला. इतक्या वर्षांची सवय. ट्रॅकवर हात बाहेर येणं म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलंय, आम्ही बाजूला होतोय. मागच्या दोघांनी ताबडतोब ॲक्सिलरेटर सोडला. कोपऱ्यावरचं मार्शल पोरगं धावत येऊन पिवळा झेंडा हलवायला लागलं. अख्खा ट्रॅक शिस्तीत, एकामागे एक चालू लागला. मी हात दाखवला आणि मागचे थांबले! पुण्यात आयुष्य गेलं, हे मला नवीन होतं.

चिन्मय पिटमध्ये गाडी लावून उतरला.

"हात का काढलास?"

"वळायचं होतं ना?"

"मामा, ट्रॅक आहे तो! सगळ्यांनाच वळायचंय!"

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण हेल्मेट निघत नव्हतं. निघाल्यावर मी स्पीड विचारला. माझ्या अंदाजानं दीडशेच्या खाली नव्हताच.

"सरळ भागात त्र्याऐंशी." आणि मग गरज नसताना त्यानं पुढे सांगितलं, की इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर २०२३ साली मोटोजीपीचा रेसर ब्रॅड बाइंडर ३६६ नं गेला होता.

बायको शेडखाली थर्मास घेऊन बसली होती. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं, चहा ओतून दिला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "चिन्मय, ह्यावर एका बाजूनं बसलं तर चालतं का रे?"

तो हसला. माझ्याकडे बघून मग थांबला. मी चेनशी झटत होतो.

"मामी, साडी आहे तुझी. जाळी काढलीय मी."

"मग लाव की परत. माझा चहा व्हायचाय अजून."