सोर्स कोड कुलपातच बरा, बाप्पा

ऐन कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यासमोर ट्रॅक्टर अन् बंड्यांची रांग लागते, अन् काट्याच्या कॉम्प्युटरवर पाटी झळकते: ‘लायसन्स आढळले नाही, कंपनीशी संपर्क साधा.’ कंपनी तर कधीच गुंडाळलेली. वा! ‘धंद्याची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणून पॅकेज विकणाऱ्यांनो, असा दबदबा टिकवायचा असेल तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, चुकूनही खुला करू नका.

डोंगल, म्हणजे लायसन्सची खूण म्हणून कॉम्प्युटरला खोचायचं कुलूप, शक्यतो पॅरलल पोर्टचं, जुन्या प्रिंटरच्या खाचेचं, ठेवा. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. यूएसबीचं दिलंच, तर ड्रायव्हर 32 बिटचा राहू द्या. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते, म्हणजे डोंगल खोचलं तरी मुकाट बसतं. प्रोग्राम डॉसच्या जमान्यातला 16 बिटचा असेल तर सोन्याहून पिवळं, 64 बिट विंडोजवर तो उघडतच नाही. मग गिऱ्हाईक भंगारात एक्सपीवालं मशीन शोधत फिरतं. एक्सपीचा सपोर्ट 2014 लाच संपला, पण तुमचं काय जातं?

मॅन्युअल देऊ नका.

शेतकऱ्यांची नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर देवनागरी नीट दिसेल अशा पद्धतीत, नकोच. जुना फॉन्ट उडाला की रजिस्टरभर रोमन अक्षरांचा चिवडा झाला पाहिजे.

कोणी ‘कोड खुला करा’ म्हणालं, तर आयबीएमकडे बोट दाखवा. ओएस/2 ही त्यांची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम खुली करा म्हणून लोकांनी अर्ज केले, त्यांनी नाही म्हटलं. त्यात मायक्रोसॉफ्टने लिहिलेला भागही होता. तुमच्या पॅकेजात परकं काय, तर बारकोडची एक लायब्ररी (दुसऱ्याचा तयार कोड) अन् रिपोर्ट छापायचं टूल. ते काढून बाकीचं देता येतं, हे मात्र बोलू नका. सन कंपनीने 2005 मध्ये आपल्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमचा बराचसा कोड खुला केला, तसली चूक नको. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने 2010 मध्ये दार लावलं, पण बाहेर पडलेल्या कोडवर लोकांनी इल्युमॉस ही आपली सिस्टीम उभी केली. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर तर 2002 मध्ये सात आठवड्यांत 1 लाख युरो वर्गणी करून सोडवलं, सावकाराकडचा गहाण दागिना सोडवावा तसं. इकडे वर्गणी म्हटली की गणपतीची, त्यामुळे तुम्हाला भीती नाही.

‘स्पर्धक कोड चोरतील’ हेही सांगत जा. काय चोरतील हो? क्विंटल, कटती अन् भाव यांना ज्यात ए1, ए2, ए3 अशी नावं आहेत, तो कोड? पासवर्ड कोडातच लिहून ठेवलाय, तो दिसेल ही खरी धास्ती. मग काढा ना तो! पॅकेज अडलं की वजन काट्याच्या इंडिकेटरवर दिसतं, पण काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, निघत नाही, अन् काटापट्टीशिवाय चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, नाही. तुमची अब्रू झाकायला कापूसवाल्यानं रात्रभर थंडीत गाडीखाली काहून झोपावं?

कंपनी बंद केली, खुशाल करा. लोकांचा हिशेब तुमच्या मालकीचा नाही. डोंगलची तपासणी काढलेली शेवटची आवृत्ती द्या. कोड द्या, सोबत तो कोणी कसा वापरावा हे सांगणारी लायसन्सची फाइल अन् कोणत्या कंपायलरवर, म्हणजे कोडाचा चालता प्रोग्राम करणाऱ्या टूलवर, तो बांधायचा ते लिहा. तेही जड जात असेल, तर एका कागदावर डेटा फाइलची रचना, इंडिकेटर कॉम्प्युटरला वजन कसं पाठवतो त्याची सेटिंग (बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट) अन् वजन कितव्या अक्षरापासून सुरू होतं एवढं तरी लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, पैसे दरवर्षी वेळेवर नेले ना? मग आता फोन उचला.